भिकाऱ्याच्या हातातलं घड्याळ

"भिकाऱ्याच्या हातात घड्याळ!"

असं मी ओरडलो मात्र नाही. थेटरात ओरडायचं नाही असा आमचा नियम होता. मी पाठीमागच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टण्ण वाजवलं. वर केबिनच्या झरोक्यातून दस्तगीरनंही टण्ण वाजवलं. म्हणजे त्यालाही त्याच क्षणी दिसलं होतं, आणि ज्याला आधी दिसेल त्याला दुसऱ्यानं सोडा पाजायचा ही आमची पैज लोंबकळत राहिली.

सोमवारचा दुपारचा खेळ. पडद्यावर देवळाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना भिकाऱ्यांची रांग, आणि नायिका नवस फेडायला आलेली. ती एकेका पसरलेल्या हातावर लाडू ठेवत पुढं सरकते. थेटरातली बाकीची माणसं नायिकेकडं बघत होती. आम्ही दोघं हातांकडं बघत होतो. एक हात, दुसरा हात, तिसरा हात, आणि घोंगडं पांघरून तोंड झाकून बसलेल्या एका भिकाऱ्याच्या मनगटावर चांगलं ऐटबाज घड्याळ! नायिकेनं लाडू ठेवला, ती पुढं गेली, हात गेला.

आता हा काय उद्योग, असं तुम्ही म्हणाल. तर गडहिंग्लजच्या त्या पत्र्याच्या थेटराबाहेर माझा गोटी सोड्याचा गाडा होता. मध्यंतर सोडलं तर मला काम नसायचं. मालक मला शेवटच्या बाकड्यावर फुकट बसू द्यायचा, त्याच्या घरची अख्खी मंडळी माझा सोडा फुकट प्यायची. एकच सिनेमा आठवडाभर रोज बघितला की नटनट्यांचा कंटाळा येतो. मग मी आणि ऑपरेटर दस्तगीर मुल्ला मनगटं बघायला लागलो. गिरणीतला उपाशी कामगार, आणि हातात सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. खलनायक घड्याळ बघून "बरोब्बर बारा वाजता उडवा" म्हणतो, काटे सव्वाचारवर. एका पौराणिकात तर राक्षसाच्या हातात घड्याळ होतं. मी त्यावर माझं घड्याळ लावून घेतलं आणि पुढं वर्षभर ते मिनिटभरसुद्धा मागंपुढं झालं नाही. खोटं वाटत असेल तर दस्तगीरला विचारा. तो आता नाही, ही माझी चूक नव्हे.

गावात माझ्याबद्दल म्हणायचे, गुंडू सोडेवाल्याच्या सोड्यात गॅस कमी आणि बोलण्यात जास्त. म्हणू देत. पण त्या सोमवारी खेळ सुटल्यावर मी केबिनच्या लोखंडी जिन्यावर बसलो होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

दस्तगीर बिडी पेटवून शेजारी बसला. "घड्याळ बघितलंस?"

"बघितलं."

"पट्टा बघितलास?"

पट्टा मी बघितला होता. म्हणून तर गप्प होतो. सिनेमा काळापांढरा, पण त्या पट्ट्याची एक कडी गडद आणि एक उजळ, एक गडद आणि एक उजळ, अशी साखळी स्वच्छ दिसली होती.

"शिदूमामाचा," दस्तगीर हळू म्हणाला.

"शिदूमामाचा," मी म्हणालो.

तसा पट्टा दुनियेत एकच. तो तयार होताना मी समोर बसून बघितला होता. शिदूमामा ओतारी म्हणजे आमच्या गल्लीतला घुंगरं, घंटा, समया ओतणारा कारागीर. त्याला पोरगा नव्हता, एकटी वेणू. आजऱ्याकडचा परशराम नावाचा आईबाप नसलेला पोरगा त्याच्या हाताखाली काम शिकला आणि मामानं त्यालाच जावई करून घरात ठेवून घेतला. लग्नाच्या पंगतीत नवऱ्यानं रुसायची रीत. पान वाढलं तरी घास उचलायचा नाही, सासऱ्यानं "काय पाहिजे" विचारायचं, नवऱ्यानं घड्याळ म्हणायचं. मामानं घड्याळ आधीच आणून ठेवलं होतं, पण त्याचा चामड्याचा पट्टा त्याला पसंत नव्हता. "मी ओतारी. माझ्या जावयाच्या हातात चामडं?" म्हणून त्यानं स्वतः ओतून, घासून साखळी केली. एक कडी तांब्याची, एक पितळेची. परशरामच्या मनगटाला तांब्यानं हिरवा डाग पडायचा, तरी तो आंघोळीलासुद्धा ती काढायचा नाही.

दुसऱ्या दिवाळीनंतर परशराम एका सकाळी घरातून गेला. त्याला चार वर्षं झाली होती. कुणी म्हणे मुंबईला गेला, कुणी म्हणे नदीत शोधा. वेणू कुंकू लावत होती, पण तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे शेजारणींना कळत नव्हतं. शेवटी आदल्या महिन्यात निपाणीहून एक स्थळ आलं. तंबाखूच्या वखारीत तोलाईला असलेला बिजवर. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करायची रीत होती, पंचांनी मान डोलावली होती, आणि येत्या रविवारी निपाणीची माणसं नारळ-लुगडं घेऊन येणार होती.

"गुंडू," दस्तगीर म्हणाला, "तोंड उघडू नगंस. रविवार होऊ दे."

"आरं, जित्या नवऱ्याच्या बायकोचा पाट लागतोय आन मी गप बसू?"

"तू बोललास तर कोण खरं मानणार हाय?"

हे मात्र मला लागलं. मी थेट मामाच्या दुकानात गेलो.

मामा भट्टीपुढं बसून मुशीत पितळ वितळवत होता. आतल्या सोप्यात वेणू कानशीनं घुंगरांच्या कडा घासत होती. खर्र, खर्र.

"मामा, परशा जिता हाय," मी म्हणालो.

मामानं भाता थांबवला नाही. "आज सोडा खपला न्हाई वाटतं."

"गाड्याची शपथ, मामा."

"गाड्याची शपथ घेऊनच सांगितलं हुतंस, हिरण्यकेशीच्या डोहात माशानं तुझं घड्याळ गिळलं आन आठ दिसांनी आणून दिलं म्हणून."

"ते येगळं. त्यो मासा प्रामाणिक हुता. हे ऐका. एक कडी गडद, एक कडी उजळ. पट्टा अडकवायचा फासा बाहेरच्या बाजूला, तुम्ही उलटा बसवलेला. आठवतंय? तुम्ही म्हटला हुता, चुकून झालाय खरं ऱ्हाऊ दे."

भाता थांबला. कानसही क्षणभर थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा सुरू झाली.

"कुटं दिसला?"

"सिनेमात. आपल्याच थेटरात. कोल्हापुरात सिनेमावाल्यांच्यात शिरलाय."

मामाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. म्हातारा एकदम पोरासारखा पुढं सरकला. "काय झालाय रं? शिपाई? का राजाच्या दरबारात?"

मला राजा म्हणायला काय झालं होतं? माझी जीभ राजे, राक्षस, प्रामाणिक मासे सहज पुरवते. पण त्या दिवशी मला खरं सांगायची हौस आली होती.

"भिकारी," मी म्हणालो. "देवळाच्या पायरीवर. हात पसरलाय."

मामा भट्टीकडं बघत राहिला. मुशीवर निळा धूर आला, पितळ उतू जाईल असं मला वाटलं.

"मीच म्हटलं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्यो कोल्हापूरला जाऊन यीन म्हणाला. सिनेमात माणसं घेत्यात म्हणाला. मी पेटलो हुतो, घंटांची मोठी ऑर्डर हुती. म्हटलं, जा, सिनेमावाल्यांच्या दारात भीक माग जा." त्यानं हात फडक्याला पुसले, पुसतच राहिला. "तसंच गेला."

"आवो, ती खोटी भीक, मामा. खेळातली."

"हात पसरला न्हवं? मग भीकच ती." मामा उठला. "निपाणीला सांगावा धाडतो. येऊ नगासा म्हणून. जावई जिता हाय माझा. मी जाऊन पाय धरीन त्याचं, खरं घरला आणीन."

मी दुकानातून बाहेर पडलो ते दोन वीत उंच होऊन. आयुष्यात एकदा खरं बोललो होतो आणि एका घराचं भलं झालं होतं. बोळाच्या तोंडाशी पोचतो तोच मागून हाक आली.

"काका."

वेणू होती. हातात कानस तशीच.

"पोरी, तुझं कुंकू जितं हाय," मी म्हणालो. हे वाक्य मी चालता चालता तयार करून ठेवलं होतं.

"चार वर्सं लावतीया," ती म्हणाली. "त्यात जितं काय आन मेलं काय, मला कळायचं बंद झालंय. रविवारची माणसं आता येणार न्हाईत न्हवं?"

"कशी येतील?"

ती कानशीकडं बघत म्हणाली, "बेंदराला बैलांची घुंगरं न्यायला आले हुते ते निपाणीचे. भाव केला न्हाई. म्हणाले, तुमची बोटं कापल्यात, फडकं बांधून घासा." मग एकदम वर बघून म्हणाली, "मला बघायचाय त्यो हात. तुमच्या सांगण्यावर मी जलम काढणार न्हाई, काका. राग मानू नगासा."

मंगळवारी दुपारी ती पदर कपाळापर्यंत ओढून आली. मी तिला बायकांच्या बाजूला न पाठवता माझ्या शेवटच्या बाकड्यावर बसवलं. देवळाच्या पायऱ्या आल्या, लाडू आले, हात आला, गेला.

"पुन्यांदा," ती म्हणाली.

"पुन्यांदा संध्याकाळच्या खेळाला."

"तवाबी पळतच जाईल की."

मध्यंतरात मी तिला केबिनमध्ये नेलं. दस्तगीरनं रीळ उलगडून फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. नखाएवढं चित्र, त्यात तिळाएवढं घड्याळ. वेणूनं एक डोळा मिटला, दुसरा मिटला, मान हलवली.

"ह्यात काय कळंना. मोठा हात दाखवा. पडद्यावर थांबवा."

दस्तगीर हसला. "सिनेमा थांबवायचा नसतोय, माय. मागं दिवा हाय त्यो पेटल्या चुलीवाणी. फिल्म पळतीया म्हणून वाचतीया. थांबली की जळली. म्हणून तर मशीन थांबलं की मधी आपोआप लोखंडी पट्टी पडती."

"ती पट्टी हातानं धरता येती?"

"येती. मग मालक मला हातानं धरून बाहीर काढंल."

वेणू जागची हलली नाही. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांना हे उभं राहणं माहीत असेल. दस्तगीरच्या घरी तीन होत्या.

"उद्या दुपारी," तो शेवटी म्हणाला. "गर्दी नसती. आन डोळं उघडं ठेव. पापणी लवली तर माझी नोकरी फुकट गेली."

बुधवारी थेटरात पंधरावीस डोकी असतील, निम्मी झोपलेली. पायऱ्या आल्या. नायिका आली. मला आठवतंय, मी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. हात पसरला, मशीनची घरघर थांबली, आणि तो हात पडद्यावर राहिला. बैलगाडीएवढा हात. त्यावर धामणीएवढा पट्टा, एक कडी गडद, एक उजळ. लाडू हवेत थांबलेला.

वेणू बाकड्यावरून उठली आणि मधल्या वाटेनं सरळ चालत गेली, पार पडद्यापर्यंत. ती त्या प्रचंड हाताखाली मान वर करून उभी राहिली. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, तो हात तिच्याकडंच काहीतरी मागतोय.

मग तळहाताच्या मधोमध एक तपकिरी ठिपका आला. ठिपक्याला कड आली, कडेला बुडबुडे आले आणि हात आतून खाल्ल्यासारखा वितळत गेला. पडदा पांढराफटक झाला. झोपलेली माणसं जागी झाली, शिट्ट्या सुरू झाल्या. "एऽ ऑपरेटर, घरला जा!" कुणीतरी चप्पल फेकली. ती वेणूच्या शेजारी पडली. ती तशीच उभी होती, पांढऱ्या पडद्यापुढं.

मी तिला धरून बाहेर गाड्यापाशी आणली. सोडा फोडून दिला. ती बाटली नुसती हातात धरून बसली.

"त्योच हाय काय?" मी विचारलं.

"त्यांचाच हात. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा डाग हाय. मूस सांडली हुती, मी गव्हाचं पीठ लावलं हुतं."

"म्या काय म्हटलं हुतं! मग रडतीयास कशापायी?"

"रडत न्हाई." ती खरंच रडत नव्हती. "काका, घड्याळाच्या वर काय हाय ते बघितलंसा?"

"घड्याळाच्या वर? मनगट."

"दोरा हाय. त्याला हळकुंड बांधलंय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग आठवलं. लग्नात नवऱ्यानवरीच्या मनगटाला हळकुंड बांधलेला दोरा असतो. लग्न झाल्यावर चार दिवस ठेवतात, मग सोडतात. मी तो हात सोमवारपासून बघत होतो. दस्तगीर बघत होता. आम्ही कड्या मोजल्या, फासा बघितला, काटे कुठं होते तेसुद्धा बघितलं. बोटभर वर असलेला दोरा आम्हाला दिसला नव्हता.

"सिनेमावाल्यांनी बांधला असंल," मी म्हणालो. "वेशभूषा म्हणून."

"भिकाऱ्याला हळकुंड कोण बांधतंय? घड्याळ काढायचं ऱ्हायलं, तसंच हेबी ऱ्हायलं." तिनं बाटली गाड्यावर ठेवली. "नुकतंच झालं असंल. घाईनं आले असतील कामाला."

मी आयुष्यात कुणालाही, कुठल्याही प्रसंगी, काहीतरी सांगू शकलो आहे. त्या दुपारी मी गाड्यावरचं फडकं घेऊन कोरड्या बाटल्या पुसत राहिलो.

"दादांना सांगू नगासा," वेणू म्हणाली. वडलांना ती दादा म्हणायची. "त्ये जातील. पाय धरतील. त्या बाईसकट घेऊन येतील. दादांना जावई पायजे, मग कसाबी असू दे. आन मी त्या दोघांच्या ताटावर वाढत बसू?"

"मग काय करायचं, सांग."

"दस्तगीरचाचांना सांगा, त्यो तुकडा सगळा कापून टाका म्हणावं. आन तुम्ही दादांना सांगा, बंडल मारली म्हणून. तुमचं कुणी मनावर घेत न्हाई."

ती हे माझा अपमान करायला म्हणाली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

दस्तगीरनं संध्याकाळच्या खेळाआधी तुकडा कापला. त्यात अवघड काही नव्हतं. ती प्रिंट दहा गावं फिरून आली होती आणि प्रत्येक गावच्या ऑपरेटरनं त्यातून आपापल्या आवडीची नायिका कापून घेतली होती. एक भिकारी गेला तर कोण विचारतंय? कापलेली पट्टी त्यानं माझ्यापुढं धरली, मी मान हलवली, मग त्यानं ती बिडीला लावली.

मी तसाच मामाच्या दुकानात गेलो. सांगितलं, मामा, बंडल मारली. असला हात न्हाई, असलं घड्याळ न्हाई. तुमचा जावई तिथं न्हाई. निपाणीवाल्यांना येऊ द्या.

माझी अपेक्षा होती, मामा चिमटा फेकून मारील. मी दारातच उभा राहिलो होतो, पळायला बरं म्हणून. पण तो नुसतं "बरं" म्हणाला आणि साच्यात माती दाबत राहिला. सोप्यात कानस चालू होती.

गुरुवारी तो सिनेमा शेवटचा. दुपारी खेळ सुरू झाला, अंधार झाला आणि माझ्या बाकड्यावर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. भट्टीच्या धुराचा वास आला.

"मामा? तुम्ही थेटरात?"

"गप. मला सांग कवा येतंय ते."

"आवो, काल सांगितलं न्हवं, बंडल..."

"गुंडू," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू बंडल मारतोस तवा हात उडवून उडवून सांगतोस. काल तुझं दोन्ही हात खिशात हुतं."

मामा थेटरात कधी आला नव्हता. पडद्यावर घोडागाडी अंगावर आली तेव्हा तो मागं सरला. पाटी आली, ती त्याला वाचता येईना. नायिका रडायला लागली तर म्हणाला, "ही कशापायी रडतीया? बाप वारला काय हिचा?" मी म्हटलं, न्हाई, नवस बोलतीया. तो म्हणाला, "मग बोल की बये, रडतीस कशाला." मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

पायऱ्या जवळ येत होत्या. मी जिन्याकडं बघितलं. वर जाऊन काय करणार होतो? दस्तगीरकडं असतं ते दाखवण्यासारखं, तर मी दाखवलं असतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण जे बिडीला लावलं ते लावलं.

"आता," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं.

मामा बाकड्याच्या टोकाशी सरकला. मान पुढं काढली. पायऱ्या, नायिका, लाडू. एक हात. दुसरा हात. मग पडदा जरासा उडाला, उचकी लागल्यासारखा, आणि नायिका एकदम रांगेच्या शेवटाला पोचलेली. देवळाची घंटा वाजली. पुजारी आला.

"आला?" मामानं विचारलं.

मी पुजाऱ्याकडं बघत राहिलो.

"गेला काय? गुंडू, माझी पापणी लवली वाटतं. गेला का रं?"

"न्हाई, मामा. न्हवताच."

"खरं मधी कायतरी उडालं."

"पट्टी जुनी हाय. उडतीया अशीच."

तो मागं टेकला नाही. म्हणाला, "अजून संपला न्हाई न्हवं? अजून हाईत की माणसं." आणि तो बघत राहिला. पुढं बाजार आला, त्यात तो प्रत्येक हमालाचा हात बघत होता. लग्न आलं, त्यात वाजंत्रीवाल्यांचे हात. कोर्ट आलं, तर पट्टेवाल्याचा. नायक तुरुंगातून सुटला, नायिका धावत आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मामा त्या दोघांच्या मागून सायकलवरून जाणाऱ्या माणसाच्या मनगटाकडं बघत होता. मी त्याच्या शेजारी बसून होतो. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. सांगायला माझ्याकडं सगळं होतं आणि त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं.

दिवे लागले. माणसं उठून गेली. झाडणारी बाई बाकड्यांखाली केरसुणी फिरवत आमच्यापर्यंत आली तरी मामा बसूनच होता.

"तिला सांगू नगंस, मी हितं आलो हुतो म्हणून," तो म्हणाला.

"न्हाई सांगणार."

"निपाणीला उद्या तूच जा. रविवारी या म्हणावं. माझ्या घरात कायबी आडकाठी न्हाई म्हणावं." मग उठता उठता म्हणाला, "पोरगी लई दिसांनी काल भाकरी पोटभर जेवली. मी बघत हुतो."

"मग मामा, तुम्हाला ठावं..."

"मला कायबी ठावं न्हाई," तो एकदम म्हणाला. "तू म्हणालास बंडल, तर बंडल."

आम्ही बाहेर आलो. उन्हात त्याचे डोळे मिचमिचत होते. थेटराच्या भिंतीला शिडी लावून एक माणूस शुक्रवारच्या नव्या सिनेमाचं पोष्टर डकवत होता, खळीचे ओघळ खाली गळत होते. नायकाचं अर्धंच तोंड लागलं होतं. मामा त्याच्याखाली जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत राहिला.

"ह्यात भिकारी असत्यात का रं, गुंडू?"

मी तो सिनेमा बघितला नव्हता.

"असतील, मामा," मी म्हणालो. "सगळ्याच सिनेमात असत्यात."